कॉइल स्प्रिंगच्या आत एअर बॅग कशी बसवायची

लांबच्या वाटेला निघायचं म्हणून गाडी भरायला घेतली की मागचा भाग हळूहळू खाली जायला लागतो. पाण्याचे कॅन, तंबू, अवजारांची पेटी, डिझेलचे जेरीकॅन, दुसरं जादा चाक. यातली एकेक वस्तू उचलताना काही वाटत नाही, पण सगळ्यांचा बोजा मिळून मागच्या ॲक्सलवर येतो. गाडी मागून बसते, नाक वर होतं, हेडलाइट समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो आणि पहिल्याच खड्ड्यात बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की ॲक्सलला अडवणारा रबरी ठोकळा) धाडकन आदळतो.

यावर दोन उपाय आहेत. जाड तारेची कडक स्प्रिंग टाकायची, किंवा आहे त्याच कॉइल स्प्रिंगच्या आत हवेची बॅग बसवायची. मी दुसऱ्या उपायाच्या बाजूची आहे. माझी गाडी बराच काळ रिकामीच फिरते, आणि कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत बसणाऱ्याची कंबर मोडते, शिवाय खडकाळ वाटेवर चाक जमिनीला नीट धरून राहत नाही. बॅग असेल तर बोजा चढवला की हवा भरायची आणि उतरवला की सोडायची. काम घरी करता येण्यासारखं आहे, मात्र त्यातला निम्मा वेळ पाना हातात घेण्याआधी जायला हवा.

बॅग नेमकं काय करते

ही जाड पॉलियुरेथेनची, दोन्ही टोकं बंद असलेली नळकांडी असते आणि एका टोकाला हवेच्या नळीचं तोंड असतं. एअर लिफ्ट 1000, फायरस्टोनची कॉइल-राइट, पॉलीएअर ही या प्रकारातली नेहमी ऐकू येणारी नावं. हवा भरली की बॅग आधी आडवी फुगते आणि कॉइलच्या वेढ्यांना टेकते. बाजूला जायला जागा उरली नाही की तिचा जोर वरच्या आणि खालच्या बैठकीवर, म्हणजे स्प्रिंगची टोकं जिथे टेकतात तिथे, येतो. गाडी खड्ड्यात दबली की बॅगही दबते, आतला दाब वाढतो आणि ती आणखी जोर लावते.

किती जोर, याचा हिशेब सोपा आहे. 10 सेंटीमीटर व्यासाच्या बॅगेचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटीमीटर होतं. 20 पीएसआय (टायरची हवा मोजायचं तेच माप) म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे 1.4 किलो. म्हणजे एका बॅगेचा आधार साधारण 110 किलो, दोन्हींचा 220. 35 पीएसआयला हाच आकडा जोडीमागे 380 किलोच्या आसपास जातो. या प्रकारच्या बहुतेक बॅगांची वरची मर्यादा 35 पीएसआय आणि खालची 5 असते. तुमच्या किटवर दुसरा आकडा छापला असेल तर तोच मानायचा.

आता एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगते. बॅग बसवल्यानं गाडीची वजन वाहायची मर्यादा एका किलोनंही वाढत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. कंपनीनं एकूण वजनाचा जो आकडा दिलाय तो ओलांडून भरलेली गाडी बॅगेमुळे दिसायला सरळ होते, आणि हाच त्यातला धोका, कारण जास्त भरलंय हे डोळ्यांना कळेनासं होतं. ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी आणखी एक. ट्रेलरच्या दांड्याचं वजन मागच्या टोकावर येतं तेव्हा पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. बॅगेनं मागची उंची परत मिळते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. त्यासाठी वजन वाटून देणारी हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची कडी, वेगळी मिळते.

आधी मापं

सपाट जागा बघा. गाडी रिकामी, टाकी भरलेली. मागच्या चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरा आणि आकडा लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप बदलतं. मग नेहमीचं सगळं सामान भरा, माणसं बसवा, गाडी थोडी पुढे-मागे करून स्प्रिंगा स्थिरावू द्या आणि पुन्हा मोजा.

फरक दोन-अडीच सेंटीमीटरचाच असेल तर माझ्या मते बॅगेची गरज नाही, तेवढं बसण्यासाठीच स्प्रिंग बनवलेली असते. पाच-सात सेंटीमीटर असेल तर बॅग उपयोगाची. आणि रिकामी असतानाच गाडी मागून बसलेली असेल, किंवा एकाच बाजूला कलत असेल, तर स्प्रिंग संपलीय. आधी ती बदला. मेलेल्या स्प्रिंगचं काम बॅगेकडून करून घ्यायला गेलात तर बॅग कायम वरच्या दाबावर राहते आणि लवकर फाटते.

यानंतर टॉर्च घेऊन गाडीखाली जा आणि कॉइलच्या आत बघा. आतली जागा मोकळी हवी. काही गाड्यांत शॉकॲब्सॉर्बर कॉइलच्या मधून जातो, जसं लँड रोव्हर डिफेंडरच्या पुढच्या बाजूला. तिथे ही बॅग बसत नाही. काही गाड्यांत बम्प स्टॉप कॉइलच्या आत वरून लोंबत असतो. तो बॅगेच्या डोक्यात घुसतो, म्हणून त्या गाडीच्या किटमध्ये बम्प स्टॉप कापायचा, काढायचा की तसाच ठेवायचा हे लिहिलेलं असतं. जे किट याबद्दल गप्प आहे ते तुमच्या गाडीचं नाही असं समजा. अंदाजानं बम्प स्टॉप कापू नका.

कॉइलचा आतला व्यास आणि गाडी चाकांवर उभी असताना वरच्या बैठकीपासून खालच्या बैठकीपर्यंतची उंची, ही दोन मापं बॅग निवडायला लागतात. कॉइल मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती असेल तर दोन्ही ठिकाणचा व्यास मोजा. गाडी उंच केलेली असेल, म्हणजे लांब स्प्रिंगा टाकल्या असतील, तर मूळ गाडीची बॅग आखूड पडते. वर मोकळी जागा उरली की बॅग आत तिरकी होते आणि बैठकीच्या कडेवर घासते. अशा गाडीसाठी लांब बॅग किंवा खाली ठेवायचा स्पेसर मागवा.

गाडी उचलणं

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गिअर टाका. मागून चासीला जॅक लावून उचला आणि चासीखाली दोन भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, अगदी एका मिनिटासाठीही नाही. ॲक्सलखाली दुसरा जॅक धरून ठेवा, चाकं काढा आणि मग तो जॅक हळूहळू खाली सोडा, म्हणजे ॲक्सल लोंबेल आणि कॉइलचे वेढे उघडतील.

ॲक्सल सोडताना डोळे चार ठिकाणी हवेत: ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार, ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) नळी आणि, असेल तर, ब्रेकच्या लोड व्हॉल्व्हचा (बोजा बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या भागाचा) दांडा. यातलं काहीही ताणलं जायला लागलं की थांबा. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावरच वेढ्यांमध्ये पुरेशी फट होते. नाही झाली तर शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक सोडावी लागते. शॉकॲब्सॉर्बर सोडला की ॲक्सलला खाली जाण्यापासून अडवणारं फारसं काही उरत नाही, म्हणून जॅक ॲक्सलखालून काढायचाच नाही.

ऑफ-रोड गाडीच्या खालच्या बैठकीत किती चिखल आणि खडी साचलेली असते ते या वेळी दिसतं. सगळं धुऊन काढा, मग वायर ब्रशनं कॉइल आतून घासा. सुटलेल्या गंजाचा पापुद्रा बॅगेवर कानशीसारखा चालतो. कॉइलच्या तारेचं टोक जिथे संपतं तिथे बोट फिरवून बघा. धार लागत असेल तर खरी कानस घेऊन ती मोडा, रंगाचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण बॅग किती वर्षं टिकणार ते इथेच ठरतं.

बॅग आत घालणं

बॅगेच्या तोंडाचं टोपण काढा. दोन्ही हातांनी, गरज पडली तर गुडघ्याखाली दाबून, आतली सगळी हवा बाहेर काढा आणि चपटी असतानाच टोपण घट्ट बसवा. आता ती हवा ओढून घेऊ शकत नाही, त्यामुळे चपटीच राहते. मग लांबीच्या दिशेनं तिची घट्ट सुरळी करा. थंडीच्या दिवसांत पॉलियुरेथेन फार ताठ होतं. बॅग थोडा वेळ गरम पाण्यात ठेवली की मऊ पडते. पाणी उकळतं नको, हात घालवेल इतकंच.

सुरळीला आणि वेढ्यांना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून बसते. हवेच्या नळीचं तोंड वर ठेवायचं की खाली हे आधी ठरवा. वरच्या बैठकीला मधोमध भोक असेल तर तोंड वर, कारण नळी तिथून चासीकडे जाते आणि दगडांपासून लांब राहते. वर वाट नसेल तरच तोंड खाली. मग सर्वांत मोठ्या फटीतून सुरळीचं एक टोक आत सरकवा आणि बाकीची बॅग आत ढकलत, कॉइलभोवती हात फिरवत, थोडी थोडी पिळत न्या. अडली तर लाकडी काठीचं गोल टोक वापरा. स्क्रू ड्रायव्हरनं किंवा लोखंडी पहारेनं ढकलू नका. बॅगेवर पडलेला बारीकसा चरा आज दिसत नाही आणि दाब आल्यावर तिथूनच ती फाटते.

पूर्ण आत गेली की टोपण काढा. बॅग फस्स आवाज करत हवा ओढते, सुरळी उलगडते आणि हळूहळू गोल होते. एखादी घडी राहिली तर बोटांनी चोळून सोडवा. बॅग सरळ उभी आहे ना, खालच्या बैठकीच्या मधोमध आहे ना, एखादा पदर दोन वेढ्यांत अडकला नाही ना, हे चारी बाजूंनी टॉर्च मारून बघा. किटमध्ये वर आणि खाली ठेवायच्या चकत्या असतील तर त्या वगळू नका, भोकाच्या कडेपासून बॅगेला वाचवायला त्या दिलेल्या असतात.

हवेची नळी

बॅगा फाटण्यापेक्षा नळ्यांच्या तक्रारी मी जास्त बघितल्यात, म्हणून इथे घाई करू नका.

दोन्ही बॅगांना मिळून एक व्हॉल्व्ह ठेवायचा, की प्रत्येकीला वेगळा? किटमध्ये टी-जोड असतो, त्यामुळे एकच व्हॉल्व्ह लावायचा मोह होतो. पण मग वळणावर गाडी कलली की दबलेल्या बाजूची हवा टी-मधून दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. छतावर सामान असेल तर हे चांगलंच जाणवतं. कमी वेगात, खडकांवर चाकं वर-खाली होताना मात्र जोडलेल्या बॅगा ॲक्सलला मोकळेपणानं हलू देतात. तरी मी दोन वेगळ्या नळ्याच लावते, कारण खडकांपर्यंत पोचायला आधी रस्त्यावरून भरलेली गाडी नीट न्यावी लागते.

नळी धारदार पात्यानं, सरळ काटकोनात कापा. पक्कडीनं कापली तर तोंड चपटं होतं आणि जोडातून हवा गळत राहते. दाबून बसवायचा जोड असेल तर नळी अडेपर्यंत पूर्ण आत ढकला आणि मग ओढून बघा, सुटता कामा नये. काटेरी तोंडाचा जोड असेल तर क्लॅम्प आधी नळीवर चढवून ठेवा.

सायलेन्सरच्या पाईपापासून नळी वीतभर तरी लांब हवी, आणि बॅगच पाईपाजवळ येत असेल तर मध्ये उष्णतेचा पत्रा लावा. पत्र्याच्या भोकातून नळी नेताना रबरी ग्रोमेट घाला. बॅगेजवळ नळीला थोडी ढील ठेवा, कारण बॅग हलते. पुढे चासीला ब्रेकच्या पाईपाच्या रांगेत केबल टायनं बांधा, पण टाय इतका आवळू नका की नळीच दबेल. व्हॉल्व्ह मी मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला बसवते. टायरला असतो तसाच तो असतो, नेहमीचाच पंप चालतो. डावा-उजवा ओळखायला रंगाचा ठिपका द्या.

गाडी खाली आणि पहिली हवा

ॲक्सल लोंबत असताना बॅगेत जास्त हवा भरू नका. वेढे उघडे असतात, बॅग त्यांच्यामधून बाहेर फुगते आणि गाडी खाली आल्यावर चिमटीत सापडते. आकार धरण्यापुरती, 5 पीएसआयपर्यंत भरा. सोडलेली लिंक आणि शॉकॲब्सॉर्बर जोडा, पण रबरी बुश असलेले बोल्ट हातानंच लावा. चाकं लावून गाडी जमिनीवर आली, वजन चाकांवर पडलं, की मग कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला आवळा. लोंबत्या स्थितीत आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात.

आता दोन्हीत 20 पीएसआय भरा आणि प्रत्येक जोडावर व व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर नळी काढून पुन्हा कापून बसवा. रात्रभर गाडी तशीच ठेवा आणि सकाळी दाब बघा. बॅगेत हवा थोडीच असते, त्यामुळे गेज लावताना सुटलेल्या फुसकीनंही आकडा एखाद-दोन पीएसआयनं उतरतो. तेवढी घट म्हणजे गळती समजू नका. हवेच्या या लहान प्रमाणामुळेच पेट्रोल पंपावरच्या मोठ्या कॉम्प्रेसरनं ती भरू नये, क्षणात मर्यादा ओलांडते. हातपंप किंवा पायपंप उत्तम.

दाब किती ठेवायचा

कुणी आकडा सांगितला म्हणून तो घेऊ नका, टेप सांगेल तो घ्या. गाडी भरा, माणसं बसवा आणि हबपासून मडगार्डपर्यंत मोजत दोन-दोन पीएसआय वाढवत जा. रिकाम्या गाडीच्या मापाला सेंटीमीटरभर कमी असतानाच मी थांबते. एका बाजूला पाण्याची टाकी असेल तर त्या बाजूला दोन-चार पीएसआय जास्त चालतात, पण आधी सामान हलवून तोल साधतो का बघा.

त्याहून वर उचलू नका, याला कारण आहे. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा लोड व्हॉल्व्ह असतो. तो ॲक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर बघून वजनाचा अंदाज घेतो. अंतर कमी म्हणजे बोजा जास्त, म्हणून मागच्या ब्रेकला जास्त दाब. बॅगेनं तुम्ही भरलेली गाडी पूर्ण उचलून धरली की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात, नेमके जेव्हा जास्त लागायला हवेत तेव्हा. तुमच्या गाडीला असा दांडा असेल तर बॅगेसोबत त्याची जुळणी जाणकाराकडून करून घ्या, आणि मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक मारून बघा. हेडलाइटची पातळीही याच वेळी तपासा.

बोजा उतरवला की दाब 5 वर आणा, शून्यावर नाही. पूर्ण रिकामी बॅग सुरकुतते, वेढ्यांत चिमटते आणि घडीवर घासून फाटते. तापमानही लक्षात ठेवा. 20 पीएसआयवरची बॅग 10 अंशांनी थंड झाली की पीएसआयभर उतरते, म्हणून 5 वर ठेवलेली बॅग डोंगरात रात्री त्याच्याही खाली जाते. अशा ठिकाणी मी 7-8 ठेवते.

वाटेवर

खडकाळ भागात बोजा कमी असेल तर दाब उतरवा, ॲक्सल जास्त मोकळेपणानं फिरतो आणि चाक जमीन सोडत नाही. एका चाकाचा ॲक्सल फार खाली लोंबत असेल तर कॉइल बैठकीवरून सुटते का ते बघा. सुटत असेल तर ती धरून ठेवणारा क्लॅम्प लावल्याशिवाय अशा वाटेवर बॅग वापरू नका, कॉइल परत बसताना बॅगेचा कोपरा खाली सापडतो. पंक्चर काढायला चासीखाली जॅक लावायचा असेल तर आधी बॅगा 5 वर आणा.

चिखलातून आलात की कॉइलच्या आत पाण्याचा फवारा मारा. वाळू बॅग आणि वेढा यांच्यामध्ये राहिली की घासत बसते. बॅग बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सोडलेले सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. पुढे अधूनमधून टॉर्च मारून बॅगेकडे बघा. वेढ्यांच्या गुळगुळीत खुणा पडणं ठीक आहे, पांढरट चरे किंवा चिरा दिसल्या तर बदलायची वेळ आली.

आणि वाटेतच हवा गेली तर? मूळ कॉइल जागेवरच आहे, गाडी चालते. वेग कमी करा, शक्य असेल तर मागचं वजन पुढे घ्या. फाटलेली बॅग वेढ्यांत चावली जात असेल तर सवडीनं गाडी उचलून काढून टाका. पण बहुतेक वेळा बॅग शाबूत असते आणि दगड लागून किंवा उष्णतेनं नळी गेलेली असते. म्हणून अवजारांच्या पेटीत हातभर जादा नळी, एक सरळ जोड, एक जादा व्हॉल्व्ह आणि धारदार पातं ठेवा. खराब तुकडा कापून मध्ये जोड घातला की बॅग पुन्हा हवा धरते.